गुजरातचा किनारा कागदावर दुप्पट झाला, त्याचा चिपशी काय संबंध?

२०२४ च्या डिसेंबरात बातमी आली की भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटर नसून ११,०९८ किलोमीटर आहे. आपल्या गुजरातचा आकडा तर १,२१४ वरून थेट २,३४० वर गेला. त्या आठवड्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आलेल्या दोघा-तिघांनी विचारलं, समुद्र आत शिरला का? कुठे भराव घातला का? यातलं काहीच झालं नव्हतं. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली, १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून केलेली. नवी १:२,५०,००० वरून केली. नकाशा अठरा पट बारीक झाला, आणि आधी सरळ रेघेत दबून गेलेल्या खाड्या, कोपरे, वळणं मोजणीत आली. किनारा होता तिथेच आहे. बदलली ती पट्टी.

गेली दोन-तीन वर्षं बडोद्यात दुसरीही एक चर्चा घरोघरी चालते. साणंदला चिपचे कारखाने, धोलेऱ्याला चिपचा कारखाना, मुलांनी कोणती शाखा घ्यावी. मी डिप्लोमाच्या मुलांना बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आहे. या दोन बातम्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या पानांवर येतात, पण मला त्या एकाच धड्यातल्या वाटतात. किनाऱ्याची लांबी पट्टीप्रमाणे का वाढते, हे सांगणारी भूमिती चिपच्या आत पावलोपावली उपयोगी पडते. तिचं नाव फ्रॅक्टल भूमिती.

आधी रांगोळीची एक रेघ

जमिनीवर रांगोळीची ९ सेंटीमीटरची सरळ रेघ ओढा. तिचे तीन सारखे भाग करा. मधला भाग पुसा आणि तिथे तेवढ्याच लांबीच्या दोन रेघांचं टोक काढा, शंकरपाळ्याच्या कोपऱ्यासारखं. आता रेघेचे चार तुकडे झाले, लांबी १२ सेंटीमीटर. या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करा: १६ सेंटीमीटर. पुन्हा: एकवीसच्या वर. दहाव्या पायरीला लांबी सुमारे १६० सेंटीमीटर होते, पण रांगोळीने अडवलेली जागा जवळपास सुरुवातीएवढीच राहते. ही रेघ स्वीडनचे गणिती हेल्गे फॉन कोच यांनी १९०४ मध्ये मांडली.

तिचा कुठलाही लहान तुकडा मोठा करून पाहिला तर तो अख्ख्या रेघेसारखाच दिसतो. या गुणाला स्वसाम्य म्हणतात. असे आकार आपल्या आसपास भरपूर आहेत, फक्त ते इतके काटेकोर नसतात. बडोद्याचं नावच मुळी वडावरून आलं, जुनं नाव वटपद्रक. कमाटी बागेतलं वडाचं एक पान उन्हासमोर धरा. मधल्या शिरेतून उपशिरा, त्यांतून आणखी बारीक शिरा, आणि शेवटी नजर हरते तरी जाळं चालूच.

अशा आकारांना 'फ्रॅक्टल' हे नाव १९७५ मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट यांनी दिलं. ते आयबीएम या संगणक कंपनीच्या संशोधन विभागात होते. ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब, हा प्रश्न त्यांनी १९६७ मध्ये एका लेखात मांडला होता. पण त्याच्याही आधी त्यांच्यापुढे एक अगदी इलेक्ट्रॉनिक प्रश्न आला होता. टेलिफोनच्या तारांवरून संगणकाची माहिती पाठवताना चुका होत, आणि त्या घोळक्याने येत. घोळका जवळून पाहिला तर त्यातही शांततेचे पट्टे आणि मध्ये लहान घोळके दिसत, आणि त्या लहान घोळक्यांतही तेच. ही भूमिती गणिताच्या पुस्तकातून उतरून पुढे तंत्रज्ञानाकडे आली असं लोकांना वाटतं. खरं तर ती अगदी सुरुवातीलाच तारांमधल्या खरखरीजवळ जाऊन बसली होती.

एकच पारिभाषिक शब्द आणखी लागेल: मिती. सरळ रेघ तिप्पट मोठी केली की तीत मूळ रेघेचे ३ तुकडे बसतात, म्हणून तिची मिती १. चौकोन तिप्पट केला की ९ बसतात, म्हणजे ३ चा वर्ग, म्हणून मिती २. कोचची रेघ तिप्पट केली की ४ बसतात. ३ पेक्षा जास्त, ९ पेक्षा कमी. गणित केलं तर मिती येते सुमारे १.२६. ती रेघेपेक्षा अधिक आणि पृष्ठभागापेक्षा कमी, अशी मधल्याच पायरीवरची गोष्ट आहे.

चिपला वळणं कशाला हवीत?

चिपमध्ये जागा सोन्याच्या भावाची असते. सिलिकॉनच्या चकतीवर जितक्या जास्त चिपा बसतील तितकी एकेक स्वस्त पडते, म्हणून दर चौरस मिलिमीटरचा हिशेब होतो. आणि तेवढ्याशा जागेत काही भाग मात्र लांबी मागतात, किंवा कड मागतात. नऊवारीचं सव्वाआठ मीटर कापड अंगावर बसतं ते निऱ्यांमुळे. चिपमधल्या काही भागांनाही अशाच निऱ्या घालाव्या लागतात.

कपॅसिटर घेऊ. पंखा कुरकुरत फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन म्हणतो 'कंडेन्सर गेलाय', तोच हा. धातूचे दोन पत्रे एकमेकांना न लागता जवळ ठेवले की त्यांच्यात विद्युतभार साठतो. पत्रे जितके मोठे आणि जितके जवळ, तितका साठा जास्त. मोबाइलच्या रेडिओ चिपमध्ये असे कपॅसिटर लागतात आणि ते खूप जागा खातात.

चिपमध्ये धातूचे थर एकावर एक असतात, तेव्हा सोपा उपाय म्हणजे एका थरात एक पत्रा आणि वरच्या थरात दुसरा. अडचण अशी की दोन थरांमधलं उभं अंतर तंत्रज्ञान सुधारलं तरी फारसं घटत नाही. एकाच थरातल्या शेजारच्या दोन तारांमधलं आडवं अंतर मात्र पिढीगणिक कमी होत गेलं. मग साठा पत्र्यांच्या पोटाऐवजी कडांमध्ये का करू नये? त्यासाठी कड लांबलचक हवी, आणि ती थोड्या जागेत मावायला हवी. म्हणजे आपली रांगोळीच.

डिसेंबर १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या हिराद समावती, अली हाजिमिरी, थॉमस ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. एकाच थरात दोन धातूचे प्रदेश, मधली सीमा कोचच्या रेघेसारखी नागमोडी, जणू दोन देशांमध्ये एक अरुंद खाडी. तारांमधलं अंतर ०.६ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असताना तेवढ्याच जागेत साठा २.३ पट झाला. तंत्रज्ञान आणखी बारीक होईल तसा तो दहा पटींच्या वर जाऊ शकेल, असंही त्यांनी मांडलं. चिपच्या तळाशी जो नको असलेला साठा तयार होतो आणि काम बिघडवतो, तोही यात कमी होतो. मला तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हाचा आनंद अजून आठवतो. फळ्यावर निव्वळ गंमत म्हणून काढून दाखवायची आकृती खरोखर धातूत उतरली होती.

मग आज प्रत्येक चिपमध्ये असे कपॅसिटर का दिसत नाहीत?

हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर मुलांना सांगताना मी कधी गाळलं नाही. कारखान्याचा नियम असतो: दोन तारांमधलं अंतर अमुक एका मापापेक्षा कमी ठेवायचं नाही. हे किमान माप एकदा ठरलं की त्याहून बारीक वळण काढताच येत नाही. नागमोडी सीमेत काही ठिकाणी अंतर किमान असतं, पण कोपऱ्यांपाशी ते वाढतं. शिवाय चिपवरची आकृती प्रकाशाने छापतात, तेव्हा टोकदार कोपरे गोलावतात. दोन फण्या एकमेकींच्या दातांत अडकवल्या तर मात्र सगळीकडे किमान अंतर मिळतं, कोपऱ्यांचा तोटा नाही. ते दात एकावर एक थरांत उभे रचले की उभ्या भिंती तयार होतात. याच हाजिमिरींनी २००२ मध्ये कॅलटेकमध्ये रोबेर्तो आपारिसिओ यांच्याबरोबर हिशेब मांडला की अशा कपॅसिटरची कमाल मर्यादा किती आणि उभ्या भिंती-खांबांच्या रचना तिच्या किती जवळ जातात. आज उद्योगात फणीची रचनाच जास्त दिसते.

म्हणजे नागमोडी कपॅसिटर वाया गेला का? माझ्या मते नाही. कडेत साठा करायचा हा विचार त्यातून पक्का झाला आणि फणी तोच विचार सरळ रेघेत राबवते. खडबडीत पृष्ठभागाचा फायदा घेण्याची रीत तर आणखी जुनी आहे. चार्जरमधल्या लहान नळकांडी कपॅसिटरात ॲल्युमिनियमचा पत्रा आम्लाने कोरून खडबडीत करतात. मेमरी चिपमध्येही एके काळी सिलिकॉनचे बारीक दाणे उठवून कपॅसिटरचा पृष्ठभाग वाढवत असत. चकलीला काटे असतात म्हणून ती जास्त तेलाला भिडते आणि जास्त खुसखुशीत होते, तसंच.

अनंत वळणं तर शक्यच नाहीत

'खरा फ्रॅक्टल अनंतापर्यंत जातो, चिपमध्ये अनंत कुठून आणणार?' असं एका विद्यार्थ्याने वर्गात उठून विचारलं होतं. त्या दिवशी आम्ही भागाकार केला. एका मिलिमीटरला तीनाने भागत गेलो तर तेराव्या पायरीला आपण ०.६ नॅनोमीटरशी पोचतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सिलिकॉनच्या स्फटिकाचा सर्वांत लहान घर-चौकोन ०.५४ नॅनोमीटरचा. त्यापुढे वळायला अणूच उरत नाहीत. कारखान्याचं किमान माप त्याच्या पुष्कळ आधी आडवं येतं. म्हणून व्यवहारात दोन, तीन, फार तर चार पायऱ्या घेतात. बहुतेक फायदा त्या पहिल्या पायऱ्यांतच मिळून जातो.

गाडीच्या काचेवरची जिलबी

अहमदाबाद–बडोदे एक्सप्रेसवेवर टोलनाक्यावर गाडी जवळ आली की काचेवरचा फास्टॅग वाचला जातो. त्याची लहर साधारण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झची, म्हणजे लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. साधा अँटेना तिच्या निम्मा हवा, १७ सेंटीमीटर. फास्टॅगची पट्टी त्याहून आखूड असते, म्हणून आतली तार वळवून वळवून बसवतात. ते वळण नागमोडी असतं, काटेकोर फ्रॅक्टल नव्हे, पण गरज तीच.

फ्रॅक्टल आकाराचे अँटेना बोस्टनचे नेथन कोहेन यांनी १९८८ पासून करून पाहिले. बार्सिलोनात कार्लेस पुएन्ते यांनी १९९० च्या दशकात सिअरपिन्स्की त्रिकोणाचा अँटेना केला. त्रिकोणातून मधला त्रिकोण काढायचा, उरलेल्या तिन्हींतून पुन्हा मधला काढायचा, असं करत जायचं. त्यात लहान-मोठे सारखे त्रिकोण असल्यामुळे एकच अँटेना अनेक लहरींना साद देतो. मोबाइलला नेटवर्क, वाय-फाय, जीपीएस हे सगळं एका मुठीत हवं असतं, तिथे हा गुण मोलाचा.

इथेही मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. लहान अँटेनाला लहानपणाची किंमत मोजावीच लागते, ती लहरींच्या पट्ट्याची रुंदी गमावून. व्हीलर आणि चू या अभियंत्यांनी १९४७–४८ मध्येच हे दाखवलं होतं. कोचचा आकार दिला म्हणून ती किंमत टळत नाही, आणि पुष्कळदा तितकीच वळवलेली साधी तारही तेवढंच काम करते.

सगळ्यांना एकाच क्षणी ठोका

प्रोसेसरच्या आत एक ठोका चालू असतो, कवायतीतल्या शिट्टीसारखा. ३ गिगाहर्ट्झच्या चिपमध्ये दोन ठोक्यांमधला वेळ एका सेकंदाच्या ३०० कोटीव्या भागाएवढा. तेवढ्यात प्रकाशसुद्धा निर्वातात फक्त १० सेंटीमीटर जातो. चिपच्या बारीक तारांत संदेश त्याहून खूपच मंद चालतो. जवळच्या भागाला ठोका आधी आणि लांबच्याला नंतर मिळाला की हिशेब चुकतो. आजवा तलावाचं पाणी सोडल्यावर टाकीजवळच्या घरांना आधी मिळावं आणि टोकाच्या घराच्या बादलीत उशिरा यावं, तशी गत.

उपाय असा: चिपच्या मधोमध इंग्रजी 'एच' अक्षर आडवं-उभं काढायचं. मधल्या बिंदूपासून त्याच्या चारही टोकांचं अंतर सारखंच. प्रत्येक टोकावर निम्म्या मापाचा 'एच', त्याच्या टोकांवर आणखी निम्मा. ४, १६, ६४, २५६... पाचव्या पायरीला १,०२४ जागा, आणि मध्यापासून प्रत्येकीपर्यंत तारेची लांबी तंतोतंत सारखी. या रचनेला एच-वृक्ष म्हणतात. हा फ्रॅक्टल आहे आणि त्याची मिती २, म्हणजे तार असूनही अख्खा पृष्ठभाग भरून काढणारी. खऱ्या चिपमध्ये सगळे भाग इतके सुबक मांडलेले नसतात, म्हणून वरच्या पायऱ्यांना वृक्ष आणि खाली जाळी असा मेळ घालतात.

पोळ, तिचा दरवाजा आणि रेंटचा नियम

आतापर्यंतचे आकार माणसाने मुद्दाम काढलेले. मला सगळ्यांत जास्त भावणारा भाग पुढचा आहे, कारण त्यात फ्रॅक्टल कोणी काढत नाही, तो आपोआप तयार होतो.

जुन्या बडोद्यात मधोमध मांडवीची इमारत आणि चार दिशांना चार दरवाजे: लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. आत पोळा. पोळ म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेली गल्ली. आता मोजा. एका घराला एक-दोन दारं. पंचवीस-तीस घरांच्या पोळीला मात्र पन्नास दरवाजे नसतात, एक किंवा दोन पुरतात, कारण शेजाऱ्यांचा बराचसा व्यवहार आतल्या आत होतो. शेकडो पोळा असलेल्या शहराला चार. घरं वाढतात तशी बाहेरची दारं वाढतात, पण खूप मंद गतीने.

१९६० मध्ये आयबीएममधल्या ई. एफ. रेंट यांनी संगणकाच्या मंडलांत (सर्किटांत) नेमकं हेच पाहिलं. ती टिपणं कंपनीच्या आतच राहिली. १९७१ मध्ये लँडमन आणि रूसो यांनी त्यावर निबंध लिहिला आणि नियम सर्वांपुढे आला. मंडलाचा कुठलाही तुकडा घ्या, लहान वा मोठा. त्यातल्या घटकांची संख्या आणि त्यातून बाहेर जाणाऱ्या तारांची संख्या यांचं नातं एकाच घाताने बांधलेलं असतं. घातांक ०.६ असेल तर घटक दहापट झाल्यावर बाहेरच्या तारा चौपट होतात. तुकडा शंभराचा असो की लाखाचा, नातं तेच. हेच ते स्वसाम्य, फक्त ते आकारात नसून जोडण्यांत आहे.

या घातांकावरून मंडलाची मितीही काढता येते. ०.५ म्हणजे मिती २. ०.६ म्हणजे २.५. आणि दोन-तृतीयांश म्हणजे ३. इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. मंडलाची मिती अडीच आणि सिलिकॉनचा पृष्ठभाग दोन मितींचा! अडीच मितींची वस्तू सपाट कागदावर दाबून बसवायची म्हणजे शेजारचे दोघे लांब जाणार, तारा लांबणार, वेळ आणि वीज खर्च होणार. म्हणूनच चिपवर तारांचे दहा-दहा आणि त्याहून जास्त मजले चढवतात, आणि म्हणूनच आता चिपवर चिप रचण्याची धडपड आहे. २०१० मध्ये संशोधकांना माणसाच्या मेंदूतल्या जोडण्यांतही रेंटसारखंच नातं आढळलं. कमी जागेत भरपूर जोडण्या बसवायच्या असतील तर निसर्गालाही याच वाटेने जावं लागलं असावं.

'साणंदला चिप बनते की नुसती डबीत भरतात?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्यातलं ते 'नुसती' मला टोचतं. तिथला मायक्रॉन कंपनीचा कारखाना मेमरी चिपा जोडण्याचं, तपासण्याचं आणि वेष्टनात बसवण्याचं काम करण्यासाठी आहे. वेष्टन म्हणजे पोळीचा दरवाजा. आतल्या अफाट गर्दीला बाहेरच्या जगाशी किती तारांनी जोडायचं, त्या कुठे काढायच्या, उष्णता कुठून जाऊ द्यायची, हे रेंटने पाहिलेल्या नात्याचंच रोजचं ओझं आहे. चिपवर चिप रचायची ती कलाही वेष्टनाच्याच कामात येते.

नको असलेली वळणं

शेवटची गोष्ट उलट दिशेची. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पॉवरचिप कंपनी मिळून जो कारखाना उभारत आहेत त्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तिथे २८ ते ११० नॅनोमीटरच्या पिढ्यांचं काम ठरलं आहे. (हे पिढीचं नाव आहे. चिपमधलं प्रत्येक माप तेवढंच असतं असं नाही.) या मापांत तार छापली की तिची कड सरळ यायला हवी. ती येत नाही. छपाईच्या रसायनाचे रेणू, प्रकाशाच्या कणांची कमी-अधिक संख्या, कोरताना होणारी झीज, या सगळ्यांमुळे कड थरथरलेल्या हाताने काढल्यासारखी येते. शंभर नॅनोमीटरच्या तारेत दोन-तीन नॅनोमीटरचा वाकडेपणा खपून जातो. वीस-तीस नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या विजेच्या सूक्ष्म स्विचमध्ये, तो दहावा हिस्सा होतो. मग एका ठिकाणी विजेची गळती वाढते, शेजारच्या ट्रान्झिस्टरचं वागणं वेगळं होतं.

ही कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की ती खंबातच्या आखाताच्या नकाशासारखी दिसते. मोठी वळणं, त्यांवर लहान, त्यांवर आणखी लहान. ठरावीक लांबीपर्यंत हे साम्य टिकतं आणि त्यापुढे कड एकूण सरळ भासते. म्हणून तिथले अभियंते ती फ्रॅक्टलच्याच भाषेत मांडतात: वाकडेपणा सरासरी किती, तो किती लांबीपर्यंत एकमेकांशी जुळलेला, आणि बारीक-बारीक मापांकडे जाताना किती वेगाने बदलतो. फक्त पहिला आकडा दिला तर दोन अगदी वेगळ्या कडा सारख्याच वाटू शकतात. आणि तारेचा छोटासा तुकडा मोजला तर एक आकडा येतो, लांब तुकडा मोजला तर दुसरा. त्यामुळे वाकडेपणाच्या आकड्याशेजारी, तारेचा किती लांब तुकडा आणि किती किती अंतरावर मोजला, हेही लिहावं लागतं, जसं किनाऱ्याच्या लांबीशेजारी नकाशाचं प्रमाण.